चौदावं कलम

चौतीस वर्षं बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रक विभागात काढलेल्या बाईचा स्वतःच्याच स्वयंपाकघराचा अंदाज चुकावा, यापरती नाचक्की नाही. आकडे चुकले असते तर एकवेळ चाललं असतं, आकडे खोडरबराने पुसता येतात. चुकली ती घरची माणसं, आणि माणसं दुरुस्त करायचं कलम कुठल्याच दरपत्रकात सापडत नाही.

ऑफिसात त्यांना अंदाजबाई म्हणत. पूल असो, धक्का असो, शाळेचं गळकं छप्पर असो, कागद त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय विटेवर वीट चढत नसे. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना पाच मीटरची पोलादी टेप भेट दिली, तर बाईंनी आभाराचं भाषण बाजूला ठेवून आधी ती टेबलाच्या कडेला लावून खरी आहे का ते बघून घेतलं. अशी ही बाई.

घर सासऱ्यांनी बांधलेलं, साठ वर्षांचं, समुद्रापासून चाळीस पावलांवर. अशा घरात राहणं म्हणजे काय ते राहिल्याशिवाय कळत नाही. बिजागऱ्या दोन वर्षांत गंजतात, तिसऱ्या वर्षी हातात येतात. ड्रॉवर फुगतात आणि उघडायला दोन माणसं लागतात. मीठ बरणीत राहायला तयार नसतं आणि भिंतीवर मात्र हौसेनं फुलतं. फ्रिजचा खालचा पत्रा गंजून गेल्यामुळे तो चार विटांवर उभा होता, आणि घरातल्या प्रत्येकाच्या पायाची करंगळी आयुष्यात एकदा तरी त्या विटांवर आपटलेली होती.

या स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीला, म्हणजे समुद्राकडच्या बाजूला, खिडकीच नव्हती. सासऱ्यांचं म्हणणं, समुद्राकडे भोक ठेवलं की घर खारं होतं. घर खारं व्हायचं ते झालंच, भोक न ठेवता झालं. भांडी घासायची मोरी नेमकी त्याच भिंतीला. एकतीस वर्षं, दिवसातून तीन वेळा, अंदाजबाई त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. समोर पिवळ्या पडलेल्या टाइल्स, त्यातल्या एकीचा कोपरा उडालेला. समुद्र नऊ इंच विटेच्या पलीकडे दिवसभर गर्जत असायचा आणि यांना दिसायचा तो टाइलचा उडालेला कोपरा.

त्यांना तिथे खिडकी हवी होती. चार फूट बाय तीन फूट, मोरीच्या बरोब्बर वर. निवृत्तीच्या पैशातले सहा लाख त्यांनी स्वयंपाकघरासाठी वेगळे काढले ते खरं तर या एका खिडकीसाठी. बाकीचं स्वयंपाकघर तिच्याभोवती आपोआप येणार होतं. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं का? छे! सांगून मागायचं म्हणजे काय, हे त्या बाईला ठाऊकच नव्हतं. त्यांना ठाऊक होता तो बोकड.

हा बोकड म्हणजे अंदाजपत्रक विभागाची खासगी विद्या. वरच्या साहेबाकडे कुठलंही अंदाजपत्रक गेलं, की तो त्यातलं काहीतरी कापल्याशिवाय सही करत नसे. न कापता सही केली तर आपण काम केलं असं साहेबाला वाटणार कसं? म्हणून जुने कारकून यादीत शेवटी एक दिखाऊ कलम टाकत. शाळेच्या छपरासोबत कारंजं. पुलासोबत नक्षीचे दिवे. साहेब ते बघून खूश व्हायचा, लाल पेन्सिलने त्यावर काट मारायचा आणि समाधानाने सही ठोकायचा. त्या कलमाला विभागात बोकड म्हणत. आणि जे काम मनापासून हवं असेल ते बोकडाच्या लगेच वर, शेवटून दुसरं लिहायचं. एकदा सुरी चालवून झाली की साहेबाची नजर वर जात नाही, हा चौतीस वर्षांचा अनुभव.

तेव्हा अंदाजबाईंनी घरच्या यादीतही तेच केलं. आलेखाच्या कागदावर नकाशा, सोबत पंधरा कलमं. ओटा, टाइल्स, नळ, वायरिंग, कपाटं असं करत चौदावं कलम खिडकी, पंचाहत्तर हजार. पंधरावं कलम भांडी धुण्याचं मशीन, ऐंशी हजार. सगळ्याखाली अनपेक्षित खर्चाचे पन्नास धरून बेरीज सहा लाख ऐंशी हजार. मशीन कापलं की बरोबर सहा लाख. बोकड इतका गुबगुबीत होता की त्याच्याकडे बघून बाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी चहानंतर घरच्यांसमोर यादी वाचली गेली. घरची म्हणजे तीनच. नवरा, मुलगा आणि सून. नवऱ्याला सगळी वस्ती इंजिनवाले म्हणे, कारण छत्तीस वर्षं ते खाडीतल्या प्रवासी लाँचचं इंजिन सांभाळत होते. लाँच खाडीतून हजारो वेळा गेली आणि आली, पण इंजिनवाले तळाशी, तेलकट फडकं हातात घेऊन. त्यामुळे समुद्राबद्दल त्यांना प्रेम नव्हतं. त्यांच्या लेखी समुद्र म्हणजे यंत्रात शिरणारं पाणी.

तेरा कलमांपर्यंत सगळे माना डोलवत होते. चौदावं बाईंनी घाईघाईने, तोंडातल्या तोंडात वाचलं. मग पंधराव्याला आवाज चढवला, म्हणजे सुरी बरोबर तिथे पडावी.

"आणि शेवटी, भांडी धुण्याचं मशीन. ऐंशी हजार. आता हे जरा जास्तच होतंय, मला कळतंय. कापायचं तर कापा."

सून खुर्चीतून अर्धी उठली.

"आई! तुम्ही मशीन धरलंत? खरंच? मी गेली दोन वर्षं म्हणायचं म्हणते, पण म्हटलं तुम्हाला काय वाटेल."

"मस्तच की," मुलगा म्हणाला. "आई, तू इतकी मॉडर्न असशील असं वाटलं नव्हतं."

"अरे, पण ऐंशी हजार..." बाई म्हणाल्या.

"पंप कितीचा आहे त्यात?" इंजिनवाल्यांनी चष्मा चढवला. "पाणी गरम करायला कॉइल आहे की कसं? आत फिरणारे हात असतात ना, त्यांच्या बेअरिंगला गंज लागता कामा नये. बघू दे तो कागद."

यंत्राचं नाव काढलं की हा माणूस हातातून गेला, हे बाईंना ठाऊक असायला हवं होतं. एकतीस वर्षं संसार केला त्याच्याशी! पण नाही. साहेब यंत्राला भुलत नसत, म्हणून नवराही भुलणार नाही असं त्यांनी धरलं. इंजिनवाल्यांनी कागद ओढून घेतला, खिशातून पेन्सिल काढली आणि वरून खाली यादी तपासत आले. पेन्सिल चौदाव्या कलमावर थांबली.

"ही खिडकी कशाला? पश्चिमेला? खारा वारा येईल आत. गज गंजतील. मशीनलाही बाधेल. हे जाऊ दे." आणि मारली काट. "सहा लाख पाच हजार झाले. वरचे पाच मी देतो. मशीन मात्र येणार म्हणजे येणार. त्यावर चर्चा नाही."

"बाबा, मग मोरीवरची ती भिंत रिकामीच राहील," मुलाला औदार्य सुचलं. "तिथे वर तीन कपाटं बसवू. चाळीसेक हजार होतील, ते माझ्याकडून. आईला माझी भेट."

जिथे खिडकी व्हायची तिथे तीन कपाटं, आणि तीही भेट! रागवायचं तरी कुणावर? सगळे इतके चांगले वागत होते की त्या चांगुलपणाने त्यांचा जीव घुसमटला. बोकड हा बोकड आहे असं आता सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर आपण घरच्यांना फसवायला बसलो होतो, हेही सांगावं लागलं असतं. सून आनंदाने कप विसळायला गेली. बाई मूग गिळून बसल्या.

पण हार मानतील तर अंदाजबाई कसल्या? दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी मशीन पाडायच्या खटपटी सुरू केल्या. मशीनला पाणी फार लागतं म्हणाल्या. इंजिनवाल्यांनी दुकानात जाऊन माहितीपत्रक आणलं आणि हाताने घासण्यापेक्षा कमी लागतं हे गणित मांडून दाखवलं. जागा नाही म्हणाल्या. त्यांनी आलेखाच्या कागदावर, बाईंच्याच पोलादी टेपने, जागा काढून दाखवली. वीज परवडणार नाही म्हणाल्या. त्यांनी मशीन एकरकमी विकत घेऊन टाकलं, सवलत संपत होती म्हणून. भलंमोठं खोकं व्हरांड्यात येऊन पडलं आणि काम सुरू होण्याआधीच घराला त्याला वळसा घालून चालायची सवय लागली.

मग तोडफोड सुरू झाली.

जुन्या घराची टाइल काढणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरकडे नेणं. गेलो पाठीसाठी, निघालं भलतंच. गवंड्याने पहिल्याच दिवशी ओट्यावरच्या स्लॅबला हातोडी लावली आणि हातभर काँक्रीट खाली आलं. आतली सळई गंजून पेन्सिलीएवढी राहिली होती.

"हे कुणी केलंय?" गवंडी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नळवाला आला. त्याने जमिनीतला पाइप उकरला, बोट लावलं, बोट आत गेलं. "हे कुणी केलंय?" तोही म्हणाला. तिसऱ्या दिवशी वायरमनने बोर्ड उघडला आणि तेच विचारलं. चौथ्या दिवशी सुतार आला, जुनं कपाट हलवून बघितलं आणि तोंड उघडलं, तेवढ्यात बाई कडाडल्या, "सासऱ्यांनी! साठ वर्षांपूर्वी! आणि ते आता उत्तर द्यायला नाहीत. पुढचं बोला!"

अनपेक्षित खर्चाचे पन्नास हजार तिसऱ्या दिवशी संपले. आठव्या दिवशी हिशेब केला तर आणखी पंचाहत्तर हजारांचा खड्डा. बाईंनी सगळ्यांना पुन्हा व्हरांड्यात बसवलं. चेहरा गंभीर ठेवला होता, पण आतून आशा पालवली होती. स्लॅबशिवाय घर उभं राहणार नाही आणि पाइपाशिवाय पाणी येणार नाही. मशीनशिवाय मात्र सगळं जग चाललेलं आहे. आता तरी बोकड कापला जाईल, दुकानदार मशीन परत घेईल, आणि त्या गडबडीत चौदावं कलम हळूच मागच्या दाराने आत आणता येईल.

"काहीतरी कापावंच लागणार," त्या म्हणाल्या आणि मुद्दाम खोक्याकडे बघितलं.

"बरोबर आहे," इंजिनवाले म्हणाले. "ओट्याला महाग दगड कशाला? साधा घेऊ."

"टाइल्स छतापर्यंत नको, अर्ध्या भिंतीपर्यंत पुरे," मुलगा म्हणाला.

"ते धान्याचं उंच कपाट राहू दे, आई. डबे मी माझ्या खोलीत ठेवीन," सून म्हणाली.

पाच मिनिटांत पंचाहत्तर हजार कापून तिघंही विजयी मुद्रेने बाईंकडे बघायला लागले. मशीनच्या खोक्याला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. उलट इंजिनवाल्यांनी उठून त्यावरची धूळ फडक्याने पुसली. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आपला ओटा गेला, टाइल्स गेल्या, कपाट गेलं, आणि बोकड मात्र व्हरांड्यात फडक्याने पुसून घेतोय!

त्यानंतरचे दहा दिवस म्हणजे डोक्याला नुसता ताप. स्वयंपाक व्हरांड्यात, एका शेगडीवर. मशीनचं खोकं हेच टेबल. चहात सिमेंट, भाजीत सिमेंट, उशीवर सिमेंट. सुतार फोनवर रोज "निघालोच" म्हणायचा आणि कुठून निघाला ते देव जाणे, पोचायचा नाही. भांडी अंगणातल्या नळावर घासायची, खाली बसून, आणि कंबर धरून उठायचं. गंमत म्हणजे त्या अंगणाच्या नळावरूनही समुद्र दिसत नव्हता, मध्ये पाण्याची टाकी होती. बाई तेवढ्यात ती टाकी दोन फूट सरकवायला किती खर्च येईल याचा अंदाज करून मोकळ्या झाल्या आणि मग स्वतःवरच चिडल्या.

विसाव्या दिवशी सकाळी गवंड्याने पश्चिमेची भिंत पूर्ण सोलली. टाइल्स गेल्या, प्लास्टर गेलं, आत नुसती वीट. त्याने हात झटकले आणि बाईंना हाक मारली.

"ताई, दुपारनंतर या भिंतीला प्लास्टर मारतो. नकाशात इथे आधी खिडकी काढून खोडलेली दिसते. नक्की नाही ना करायची? नंतर म्हणाल तर सगळं पुन्हा फोडावं लागेल. खर्च दुप्पट आणि शिव्या मला."

"दुपारनंतर?"

"तीन वाजता माल कालवतो."

अंदाजबाई त्या विटांसमोर उभ्या राहिल्या. मोरी काढलेली होती, पण पाय आपोआप मोरीच्या जागी जाऊन थांबले. समोर तो उडालेला कोपरासुद्धा आता नव्हता. डोकं भराभर चालायला लागलं. मुलाला सांगू की कपाटांनी भिंतीवर भार येतो? नवऱ्याला सांगू की मशीनच्या वाफेला खिडकी लागते, कंपनीचाच नियम आहे? की सुनेच्या तोंडून वदवून घेऊ? एकेक युक्ती मनात मांडली आणि एकेक मोडली. तीन वाजायला चार तास होते. चौतीस वर्षांत कुठलंही काम अडकलं नव्हतं त्यांचं, आणि आज स्वतःचं अडकलं होतं, तेही स्वतःच्याच हाताने.

तेवढ्यात तिघंही आत आले. इंजिनवाल्यांच्या हातात मशीनची पुस्तिका होती, तिसऱ्यांदा वाचून चुरगळलेली.

"अगं, ऐक. त्या वरच्या कपाटांतल्या मधल्या कपाटात मशीनची पावडर ठेवायची. हात वर केला की..."

"मला खिडकी पाहिजे!"

आवाज एवढा मोठा निघाला की गवंड्याच्या हातातली थापी खाली पडली. बाई स्वतःच दचकल्या. पण आता तोंड उघडलं होतं, ते मिटेना.

"मला इथे खिडकी पाहिजे! कपाटं नकोत, पावडर नको, ते मशीनही मला नको होतं. एकतीस वर्षं या भिंतीकडे बघतेय मी. पलीकडे समुद्र आहे आणि मी टाइल बघतेय! सहा लाख काढले ते कशासाठी काढले? खिडकीसाठी! आणि तुम्ही तीच कापलीत!"

सुनेचा चेहरा पडला. मुलगा आईकडे बघतच राहिला. इंजिनवाल्यांनी पुस्तिका हळूच मिटली.

"मग पहिलं कलम तेच का नाही लिहिलंस? चौदावं लिहिलंस."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सोललेल्या भिंतीला टेकून, धुळीत, बाईंनी सगळं सांगून टाकलं. साहेब, लाल पेन्सिल, कारंजं, नक्षीचे दिवे. शेवटून दुसरं काय लिहायचं आणि शेवटचं काय लिहायचं. मशीन हा बोकड होता, तो कापला जावा म्हणूनच आणला होता. गवंडी खो खो हसला आणि कुणीच हसत नाही हे बघून थापी उचलायला वाकला.

इंजिनवाले वाळूच्या पोत्यावर बसले.

"म्हणजे लग्नाच्या पहिल्या वर्षी तू पंखा आणि सोफा मागितलास. मी सोफा नको म्हटलं."

"बोकड," बाई म्हणाल्या.

"फोन घ्यायचा होता तेव्हा स्कूटरही मागितलीस."

"बोकड. मला चालवता कुठे येते?"

"आणि तो डोंगर? दहा दिवस डोंगरात जाऊ, नाहीतर निदान चार दिवस मला आईकडे जाऊ द्या, असं म्हणाली होतीस. मी डोंगर नाही म्हटलं. तू आईकडे गेलीस."

"अहो, मला घाटात गाडी लागते! मला आईकडेच जायचं होतं."

इंजिनवाल्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. त्या सदऱ्यावरही सिमेंट होतं, काच आणखीच धूसर झाली.

"एकतीस वर्षं मला वाईट वाटतंय," ते म्हणाले. "बायकोने सोफा मागितला, मी दिला नाही. स्कूटर मागितली, दिली नाही. डोंगर बघायचा होता तिला, मी आयुष्यभर तिला एक डोंगर दाखवला नाही. दरवेळी तू यादीत शेवटी जे लिहायचीस ते मी कापायचो. आणि तू एक शब्द बोलायची नाहीस. मला वाटायचं, किती गुणाची आहे, गिळून टाकते सगळं. म्हणून या वेळी तू वाचायला बसलीस ना, तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं. काही झालं तरी शेवटचं कलम कापायचं नाही. मशीन नसतं, हत्ती असता तरी आणला असता."

पहिल्यांदा बाईंच्या लक्षात आलं, की साहेबाच्या मनाला काय वाटतं याचा अंदाज विभागात कधी कुणी केला नव्हता, कारण तशी गरजच नव्हती. साहेब काट मारायचा आणि विसरून जायचा. हा माणूस विसरला नव्हता. एकेक काट त्याने एकतीस वर्षं जपून ठेवली होती. बाईंचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्यांना रागच आला.

"एकदा विचारायचं होतंत," त्या म्हणाल्या.

"एकदा सांगायचं होतंस," ते म्हणाले. "मी काय तुझा साहेब होतो?"

गवंड्याने घसा खाकरला, कारण तीन वाजता माल कालवायचा होता आणि त्याला घरच्या भानगडीत रस असला तरी सिमेंटला नव्हता.

"ताई, खिडकी करायची की नाही?"

"करायची," इंजिनवाले उठून म्हणाले.

"आणि पंचाहत्तर हजार?" मुलाने विचारलं.

"मशीन परत करू," सून हळूच म्हणाली. तिचा आवाज ऐकून बाईंना स्वतःचा आवाज आठवला, गिळून टाकणारा.

"तुला हवंय का मशीन? खरं सांग. सरळ सांग, या घरात पुरे झालं आता."

"हवंय, आई. रात्री दमून आल्यावर ती भांडी बघून मला रडू येतं."

"मग ते राहील. पेन्सिल द्या."

आणि अंदाजबाई अखेर आपल्या खऱ्या कामाला लागल्या. खिडकी आली म्हणजे तीन कपाटं गेली, चाळीस हजार वजा. सुताराने फळ्या कापल्या होत्या का? फोन लावला. तो निघालेलाच नव्हता, त्यामुळे कापायचा प्रश्नच नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आळसाचा कुणाला तरी उपयोग झाला. खिडकीला अ‍ॅल्युमिनियमची चौकट धरली होती, ती गेली. जुन्या माळ्याच्या सागवानी फळ्या अंगणात पडल्या होत्या, साठ वर्षं खाऱ्या हवेत राहून सरळच्या सरळ, त्यांची चौकट करायची. गज नकोत, गंजायला काही ठेवायचंच नाही, जाड काच पुरे. खिडकी पडली त्रेचाळीस हजारांना. वरचे तीन हजार इंजिनवाल्यांनी दिले आणि देताना कुरकुर केली, त्यामुळे सगळ्यांना बरं वाटलं. तीन वाजता गवंड्याने माल कालवला तो प्लास्टरसाठी नाही.

पुढे दीड महिना गेला. त्यातला वैताग सांगत बसलो तर वेगळं अंदाजपत्रक लागेल. ओटा आला तो एक इंच तोकडा. सुताराने दोन दारं उलटी बसवली. पण खिडकी मात्र चार बाय तीन, बाईंनी स्वतः पोलादी टेप धरून चारही बाजूंनी आणि दोन्ही कर्णांनी मोजून घेतलेली.

स्वयंपाकघर सुरू झालं त्या सकाळी बाई पदर खोचून मोरीशी आल्या. समोर पाणीच पाणी, सकाळच्या उन्हात. त्यांनी हात मोरीत घातला, तर मोरी रिकामी. सुनेने सगळी भांडी मशीनमध्ये लावून टाकली होती, आणि मशीन इंजिनवाल्यांच्या देखरेखीखाली घुर्र घुर्र करत होतं. एकतीस वर्षांनी खिडकी मिळाली, आणि तिच्यासमोर उभं राहायचं कामच शिल्लक नव्हतं! बाईंना हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. भिंतसुद्धा आता राहिली नव्हती.

त्यांनी स्वतःचा चहाचा कप उचलला आणि मोरीत घासायला घेतला. आतून घासला, बाहेरून घासला, कान घासला.

"अगं, मशीन असताना हाताने कशाला?" इंजिनवाल्यांनी विचारलं.

"याचे डाग मशीनमध्ये नीट..." बाई सवयीने सुरू झाल्या आणि थांबल्या. हातातला कप तसाच राहिला.

"मला इथे उभं राहायचंय," त्या म्हणाल्या.

इंजिनवाल्यांनी मशीनकडे एकदा बघितलं, ते आपलं आपण नीट चाललं होतं. मग त्यांनी हातातला चहा एका घोटात संपवला, जवळ येऊन आपला कप बाईंपुढे ठेवला आणि त्यांच्या शेजारी, खिडकीत, उभे राहिले.

"हाही घे," ते म्हणाले. "सावकाश धू."